पाळीचा ताप आणि जुनी डिझेल गाडी

जुने वैद्य ‘पाळीचा ताप’ म्हणून एक प्रकार सांगत. एक दिवस अंग फणफणावे, दुसऱ्या दिवशी रोग्याने उठून कामाला लागावे आणि तिसऱ्या दिवशी त्याच घटकेस पुन्हा हुडहुडी भरावी. वैद्याच्या दारात जावे तर नाडी साफ! जुन्या डिझेल पिकअप गाडीतील विजेचा बिघाड पुष्कळदा नेमका याच जातीचा असतो. पहाटे गाडी सुरू होत नाही. गॅरेजवाल्याला बोलावून आणावे तो ती पहिल्याच फटक्यात सुरू होते. रात्री घाटात दिवे मंदावतात. सकाळी तपासावे तर लख्ख पेटतात. मालक ओशाळतो, मेकॅनिक हसतो आणि बिघाड मात्र जागच्या जागी राहतो.

आपल्या भागात या विषयाला केवळ यंत्रकुतूहलाचे मोल नाही. बेळगावच्या बाजारातून भाजी भरून जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरत गोव्याच्या बाजारपेठा गाठणाऱ्या कितीतरी गाड्यांवर घरेच्या घरे चालतात. भाजी हा माल वाट पाहत नाही. गाडी दोन तास अडली तर कोथिंबीर मान टाकते आणि त्या दिवसाचा भाव हातचा जातो. आषाढातल्या धुवांधार पावसात, धुक्याने भरलेल्या वळणावर दिवे अवचित विझले, तर प्रश्न भावाचाही उरत नाही. म्हणून या लपंडावाचा शोध कसा घ्यावा, याचा शांतपणे विचार करणे अगत्याचे आहे. येथे विचार केला आहे तो यांत्रिक इंधनपंपाच्या जुन्या गाड्यांचा. संगणकावर चालणाऱ्या अलीकडच्या ‘कॉमन रेल’ गाड्यांची तपासणी वेगळ्या साधनांनी होते. त्यांच्या तारांशी टेस्ट लॅम्प घेऊन खेळू नये.

डिझेल इंजिनाला वीज कशाला?

रूडॉल्फ डिझेल याने १८९७ मध्ये जे इंजिन यशस्वी करून दाखवले, त्याचे वैशिष्ट्यच हे की त्याला ठिणगी लागत नाही. सिलिंडरमधील हवा इतकी दाबली जाते की तिचे तापमान पाचशे अंश सेल्सिअसच्याही वर जाते आणि त्या तप्त हवेत फवारलेले इंधन आपोआप पेट घेते. त्यामुळे जुने डिझेल इंजिन एकदा सुरू झाले की केवळ चालत राहण्यासाठी त्याला विजेची गरज जवळजवळ नसते. ‘डिझेल गाडीला विजेचे दुखणे कसले?’ हा समज यातूनच रूढ झाला.

तो अर्धाच खरा आहे. हवा एवढी दाबायची तर इंजिन जोराने फिरवावे लागते. ते काम करणारी स्टार्टर मोटर, म्हणजे आपल्या बोलण्यातील ‘सेल्फ’, त्या काही क्षणांत दोनशे-तीनशे अँपिअर वीज ओढते. थंड इंजिनाला ऊब देणारे चार हीटर प्लग मिळून चाळीस-पन्नास अँपिअरच्या घरात जातात. शिवाय पुष्कळ गाड्यांच्या इंधनपंपावर एक लहानसा सोलेनॉइड असतो. त्याला वीज मिळते तोवरच इंधनाची वाट उघडी राहते. वीज तुटली की इंजिन बंद. चालती गाडी अचानक मरते, दोन मिनिटांनी काही न करता सुरू होते आणि पुन्हा दहा मैल बिनतक्रार धावते, तेव्हा डिझेलमधील कचऱ्याइतकाच या सोलेनॉइडच्या तारेचाही संशय घ्यावा. जेथे इंजिन बंद करण्यासाठी हाताने ओढायची दोरी असते, तेथे हा संशय उरत नाही. म्हणून आपली गाडी कोणत्या पद्धतीने बंद होते, हे मालकाने आधी माहीत करून घ्यावे.

जाण्याइतकेच परतणेही महत्त्वाचे

घरातल्या दिव्याला दोन तारा असतात, हे सर्वांना ठाऊक आहे. गाडीत मात्र बहुधा एकच तार दिव्यापर्यंत जाते. परतीची वाट म्हणजे गाडीचे लोखंडी अंग. बॅटरीच्या ऋण टोकाची जाड केबल चासीला जोडलेली असते. इंजिन मात्र रबराच्या उशांवर बसलेले, म्हणून त्याला चासीशी जोडणारी वेगळी पट्टी असते. हिलाच आपले कारागीर ‘अर्थ’ किंवा ‘बॉडी अर्थ’ म्हणतात. नव्या गाडीत ही वाट निर्वेध असते. पंधरा-वीस वर्षांच्या गाडीत बोल्टाखाली गंज, थिंबलवर हिरवट पूड, रंगाचा पापुद्रा, तेलचिखलाचा थर असे अडथळे साचत जातात. गोव्याच्या खाऱ्या हवेत आणि घाटाच्या पावसात ही वाढ अधिक वेगाने होते.

अडथळा केवढा असावा? जर्मन शास्त्रज्ञ ओहम याने १८२७ मध्ये मांडलेला नियम येथे हिशेबाला पुरतो. समजा, सेल्फच्या वाटेवरील एका सांध्यात एका ओहमच्या शंभराव्या भागाइतकाच रोध निर्माण झाला. केबिनमधला पाच वॉटचा दिवा अर्ध्या अँपिअरहूनही कमी वीज घेतो. त्याला या अडथळ्याची दादही लागत नाही. सेल्फने अडीचशे अँपिअर मागताच मात्र त्याच सांध्यात अडीच व्होल्ट गडप होतात. बारा व्होल्टांच्या संसारात अडीच व्होल्टांची गळती म्हणजे पगाराच्या पाचव्या हिश्शाची चोरी. वर त्या सांध्यात सव्वासहाशे वॉटची उष्णता निर्माण होते, ती वेगळीच. ‘आतला दिवा लागतो, म्हणजे बॅटरी आणि वायरिंग ठीक’ हा निष्कर्ष किती फसवा आहे, हे यावरून ध्यानी यावे.

मल्टिमीटरही याच रीतीने फसवतो. हेडलाइटच्या तारेतील गंजक्या सांध्याचा रोध एक ओहम आहे असे धरा. दिवा काढून मोकळ्या तारेवर मीटर लावला तर तो जवळजवळ पूर्ण बारा व्होल्ट दाखवील, कारण मीटर स्वतः वीज घेतच नाही म्हटले तरी चालेल. तेथे पंचावन्न वॉटचा दिवा जोडताच तीन व्होल्टांहून अधिक सांध्यातच अडकतात आणि दिवा पिवळा पडतो. तात्पर्य, वीज वाहत असताना घेतलेले मापच खरे. ओझे न देता हमालाची ताकद जोखण्यात अर्थ नाही.

आधी वही, मग पाना

पाळीच्या तापात वैद्य जसा ताप केव्हा चढला, कशाने उतरला, हे आधी विचारतो, तसे गाडीच्या बाबतीतही करावे. बॉनेट उघडण्यापूर्वी एक लहानशी वही गाडीत ठेवावी आणि प्रत्येक वेळी चार गोष्टी टिपाव्यात: इंजिन थंड होते की तापलेले, पाऊस अथवा दव होते काय, गाडी खड्ड्यातून गेली होती काय, आणि त्या क्षणी कोणकोणती विजेची कामे चालू होती.

आठवड्याभरात या नोंदी बोलू लागतात. तापल्यावरच सेल्फ फिरत नसेल, तर सेल्फचा सोलेनॉइड, त्याच्या जाड केबली आणि अर्थ यांकडे पाहावे. पावसानंतरच बिघाड होत असेल, तर फ्यूजची पेटी, खाली टांगलेले कपलर आणि मागील दिव्यांच्या जोडण्या तपासाव्यात. खड्ड्याला बिघाड आणि दुसऱ्या खड्ड्याला सुधार, हा सैल सांध्याचा किंवा आतून तुटलेल्या तारेचा स्वभाव आहे. दार, बॉनेट आणि इंजिन यांच्याकडे जाणाऱ्या तारा सतत वाकतात. वरचे आवरण शाबूत राहून आतले तांबे तुटल्याचे तेथेच आढळते.

आणखी एक प्रश्न विचारावा: एकच गोष्ट बंद पडते, की अनेक एकदम? हॉर्न, वायपर आणि डॅशबोर्डचे दिवे एकाच क्षणी मेले, तर तिन्ही बिघडली असे मानणे म्हणजे गावातली तीन घरे अंधारात दिसताच तिघांचेही बल्ब उडाले असे समजण्यासारखे आहे. तिघांच्या वाटा जेथे एकत्र येतात, तेथे दोष असतो: इग्निशन स्विच, एखादा सामाईक फ्यूज किंवा सामाईक अर्थ. डावा इंडिकेटर लावला की ब्रेकचा दिवाही मिणमिणतो, अशी चमत्कारिक लक्षणे तर बहुधा खराब अर्थचीच असतात. परतीची वाट बंद झालेली वीज शेजारच्या दिव्यातून आडवाटेने घरी परतू पाहते.

बॅटरी आणि डायनॅमो यांची साक्ष

शोध नेहमी मुळापासून सुरू करावा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीच्या टोकांवर १२.६ व्होल्टांच्या आसपास दाब असेल तर ती भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. १२ च्या खाली गेली तर उपाशी. सेल्फ फिरत असताना तो साडेनऊच्या खाली जाऊ नये. इंजिन चालू झाल्यावर दाब १३.८ ते १४.५ च्या दरम्यान चढला पाहिजे. चढत नसेल तर अल्टरनेटर, ज्याला आपण जुन्या सवयीने डायनॅमोच म्हणतो, त्याचा पट्टा, तारा आणि ब्रश पाहावेत. पंधराच्याही वर गेला तर रेग्युलेटर बिघडला आहे. असा अतिरेक बॅटरीचे पाणी उकळवतो आणि बल्ब जाळतो.

पाणी भरायच्या बॅटरीत हायड्रोमीटरची साक्ष अधिक मोलाची. सहा घरांपैकी पाच घरांतील द्रावाची घनता १.२५ च्या जवळपास आणि सहाव्यात मात्र त्याहून ०.०५ किंवा अधिक कमी असेल, तर ते घर आजारी आहे. अशी बॅटरी थंडीत दगा देईल आणि दुपारी साळसूदपणे वागेल.

सकाळी बॅटरी उतरलेली आणि दिवसा ठणठणीत, असे वारंवार होत असेल तर रात्रीची चोरी शोधावी. पाच वॉटचा एखादा दिवा हौद्याखाली नकळत जळत राहिला तर तीन दिवसांत सुमारे तीस अँपिअर-तास वीज खातो. सत्तर अँपिअर-तासांच्या बॅटरीचा हा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग झाला. सर्व बंद करून ऋण केबल सोडवावी आणि तिच्या व टोकाच्या मध्ये मल्टिमीटर अँपिअरच्या जागी लावावा. जुन्या गाडीत पन्नास मिलिअँपिअरहून अधिक गळती संशयास्पद. मग एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजने आकडा कोसळतो, ती चोराची गल्ली. कोणत्याही फ्यूजने फरक पडला नाही, तर अल्टरनेटरची जाड तार सोडवून पाहावी. त्यातील डायोड बिघडला की बॅटरीची वीज उलट वाटेने झिरपते. मीटर असा लावलेला असताना चावी मात्र फिरवू नये, अन्यथा मीटरच बळी जातो.

एका गाडीची हकीकत

आमच्या ओळखीच्या एका भाजीव्यापाऱ्याच्या पिकअपला हा ताप भरला होता. सकाळी गाडी सुरू होई. म्हापशाच्या बाजारात माल उतरवून निघावे, तर सेल्फ नुसता ‘कट्’ करून गप्प. कधी चार वेळा चावी फिरवल्यावर सुरू होई, कधी हमालांच्या धक्क्याने. आधी बॅटरी बदलली. पंधरा दिवस बरे गेले. मग सेल्फ उतरवून नवा बसवला. पुन्हा तीन आठवडे बरे. तिसऱ्या खेपेस दुसरी बॅटरी आली. गाडीचे हप्ते चालूच होते. अखेर त्याने बाजारात इंजिन बंद करणेच सोडले आणि घरी गाडी उतारावर उभी करू लागला. डिझेल जळत राहिले, धसका वाढत राहिला.

शेवटी एका वयस्क वायरमनने गाडी पाहिली. त्यांनी पाना हाती घेतला नाही. विचारले, “गाडी सुरू होत नाही तेव्हा आणखी काय वेगळं वाटतं?”

“वेगळं काही नाही, मामा. फक्त नंतर रेस जरा घट्ट लागते.”

“किती वेळ?”

“पाच-दहा मिनिटं. मग सैल होते.”

मामांनी मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या लोखंडावर धरले आणि चावी फिरवायला सांगितली. हा आकडा अर्ध्या व्होल्टाच्या पुढे जायला नको होता. तो चारच्या वर गेला. ऋण खुंटी आणि चासी यांच्यात मात्र जेमतेम एक दशांश व्होल्ट भरला. म्हणजे चोरी चासी आणि इंजिन यांच्या मधेच होत होती. मग त्यांनी एक जंपर केबल इंजिनापासून थेट ऋण खुंटीला जोडली आणि सेल्फ गरगरला. चासीपासून इंजिनाला जाणारी तांब्याची विणलेली पट्टी तेलचिखलाखाली अर्धीअधिक तुटली होती आणि बोल्टाखाली गंज धरला होता. सेल्फची वीज परतीची दुसरी वाट शोधत रेसच्या तारेतून जात होती. तार तापून तिचे आवरण मऊ पडे आणि रेस जड होई. नवी पट्टी, घासकागदाने घासलेली जागा आणि दोन बोल्ट एवढाच खर्च झाला. दोन बॅटऱ्या आणि एक सेल्फ यांचा यात कोणताही दोष नव्हता.

मग नवी बॅटरी घातल्यावर पंधरा दिवस बरे का गेले? ताजी बॅटरी थोडा अधिक जोर लावते आणि अडथळ्यावर काही काळ मात करते. शिवाय बॅटरी बदलताना केबली हलतात, टोके घासली जातात. बदललेल्या भागाने गुण आला असे वाटते. वास्तविक गुण घासण्याचा असतो.

मोजण्याची रीत

मामांची रीत कोणासही शिकता येईल. सेल्फ फिरत असताना बॅटरीच्या धन खुंटीपासून सेल्फच्या जाड टोकापर्यंत अर्ध्या व्होल्टाहून अधिक हानी नसावी. ऋण खुंटीपासून इंजिनापर्यंतची हानी दोन-तीन दशांशांत असावी. दिव्यांच्या वाटेत एखादा स्विच किंवा कपलर दोन दशांशांहून अधिक गिळत असेल तर तो साफ करावा. मीटरची दोन टोके सांध्याच्या दोन बाजूंना ठेवावीत, दिवा किंवा मोटर चालू करावी आणि आकडा वाचावा. काहीही उपटावे लागत नाही.

चाचणीच्या वेळी ताप नसेल तर तो आणावा लागतो. दिवे लावून वायरिंगचा जुडगा वीतभर अंतराने हलवत जावे. कोठे दिवा लुकलुकला हे सोबत्याने पाहावे. संशयित रिले वा कपलर केस वाळवण्याच्या यंत्राने ऊबवावा किंवा त्यावर पाण्याचे तुषार मारावेत. एकाच जातीचे दोन रिले असतील तर त्यांची अदलाबदल करावी. बिघाड जागा बदलून दुसरीकडे गेला तर गुन्हेगार सापडला. मीटर नसेल तेथे २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब दोन तारांना जोडून उत्तम टेस्ट लॅम्प होतो. तो पावणेदोन अँपिअर ओढतो, त्यामुळे गंजका सांधा त्याच्यापुढे लपत नाही.

दिव्यांच्या बाबतीत ही चिकाटी विशेष हवी. साध्या किंवा हॅलोजन बल्बला मिळणारा दाब दहा टक्क्यांनी घटला, तर प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. ‘काच जुनी झाली’ म्हणून मालक जास्त वॉटचे बल्ब घालतो. त्याने तारा आणि स्विच अधिकच तापतात. त्यापेक्षा अर्थ घासून घ्यावा आणि दिव्यांचा भार थेट स्विचवर असेल तर मध्ये रिले व फ्यूज घालून घ्यावा. त्याच बल्बचा उजेड बदलल्याचे दिसते.

काय करू नये

उडालेल्या फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातील चांदी गुंडाळणे किंवा पंधराच्या जागी तीसचा फ्यूज घालणे म्हणजे पहारेकऱ्याचे तोंड बांधून निजणे होय. फ्यूज जळला नाही तर तार जळते आणि तिच्या शेजारून डिझेलची नळी जात असते. तारा नुसत्या पिळून त्यावर टेप गुंडाळू नये. थिंबल दाबून बसवावे, पाणी आत जाणार नाही असे आवरण घालावे आणि तार हलणार नाही अशी बांधावी. चालत्या इंजिनावर बॅटरीची केबल काढून ‘डायनॅमो बघण्याची’ जुनी रीत अल्टरनेटरच्या डायोडांचा घात करते. बॅटरी सोडवताना आधी ऋण केबल काढावी आणि जोडताना ती शेवटी जोडावी. हातातील घड्याळ व अंगठी उतरवून ठेवावी. चार्जिंग होत असलेल्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून तिच्याजवळ विडी-काडी नको.

शोधण्याची मजुरी

आता एक कटू गोष्ट. बॅटरी घेऊन येणाऱ्या कारागिराला आपण विनातक्रार पैसे देतो. दोन तास खपून, एक बोल्ट घासून गाडी दुरुस्त करणाऱ्याला मात्र विचारतो, “केलंत काय, एवढे पैसे मागायला?” नवा भाग डोळ्यांना दिसतो, शोध दिसत नाही. मग शोधणारा कारागीरही हळूहळू शहाणा होतो आणि भाग बदलण्याच्या सोप्या धंद्याला लागतो. त्या भाजीव्यापाऱ्याचे जे पैसे व्यर्थ गेले, त्यात गॅरेजवाल्यांच्या उतावळेपणाइतकाच आपल्या या सवयीचाही वाटा आहे.

म्हणून गाडी दाखवायला नेताना ‘बॅटरी बदलून द्या’ असे सांगू नये. वहीतील नोंदी पुढे ठेवाव्यात आणि म्हणावे, ‘वीज कुठे हरवते ते शोधून द्या, शोधण्याची मजुरी वेगळी देईन.’ भाग बदलायचाच झाला तर मोजून मगच बदलावा आणि काढलेला जुना भाग परत मागून घ्यावा. पावसाळ्यापूर्वी एकदा सर्व अर्थ उघडून, घासून, ग्रीस लावून घट्ट करून घेतले, तर मृगाच्या सरींनंतर येणारी निम्मी दुखणी दारातूनच परततात. एका दुपारचे काम आहे आणि घाटात भरल्या गाडीसह काढलेल्या एका रात्रीहून ते खचित स्वस्त पडते.